टीव्हीवरची दुरुस्ती किती खरी आणि तिची किंमत किती खरी?

"दिवाळीपर्यंत याला हात लावायचा नाही. उन्हात ठेवू नका, पंख्याखालीसुद्धा नको. नुसता सावलीत आडवा राहू दे."

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या एका चाचांनी आत्याचा तानपुरा उलटासुलटा करून पाहिला, बोटाच्या पेराने भोपळ्यावर चार ठिकाणी टकटक केली आणि हे सांगितलं. २०१९ चा सप्टेंबर होता. ऑगस्टात सांगलीत कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली, तेव्हा गावभागातल्या आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. आम्ही वेळेत बाहेर पडलो. तानपुरा राहिला. पाणी ओसरल्यावर तो दिवाणाखाली चिखलात सापडला. तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी फळी, एका बाजूने उचकटलेली, भोपळा बुडाशी मऊ पडलेला आणि पॉलिश पांढुरकं झालेलं.

चाचांनी अंदाज दिला पाच महिन्यांचा आणि चौदा हजारांचा, तोही "उघडल्यावर कमी-जास्त होईल" असं सांगून. परत येताना सिटी बसमध्ये माझा मुलगा म्हणाला, "आई, टीव्हीवर कोल्ड्रिंकचं अख्खं मशीन दोन दिवसांत नवं करून देतात. यांना पाच महिने कशाला?" तो तेव्हा दहावीत होता. जुन्या वस्तू नव्या करून दाखवणारे कार्यक्रम आम्ही दोघं आवडीने बघायचो, त्यामुळे प्रश्न मला लागला. त्याला त्या दिवशी नीट उत्तर देता आलं नाही. गेल्या काही वर्षांत चाचांच्या दुकानात बसून, सांगलीतल्या गॅरेजवाल्यांशी बोलून जे समजलं ते इथे मांडते.

पहिल्यांदा टीव्हीच्या बाजूने. अमेरिकेतल्या हिस्टरी वाहिनीवर 'अमेरिकन रिस्टोरेशन' २०१० मध्ये सुरू झालं. त्यातला रिक डेल हा लास वेगासचा कारागीर आधी 'पॉन स्टार्स' या २००९ च्या गहाणवट-दुकानाच्या कार्यक्रमात दिसायचा. टीव्हीवर येण्याच्या कितीतरी आधीपासून तो हेच काम करत होता. त्याच्या दुकानात जुने पेट्रोल पंप, शीतपेयांची मशिनं, सायकली यायच्या. वाळूच्या माऱ्याने जुना रंग उडवायचा, पोचे काढायचे, सुटे भाग बनवायचे, रंग द्यायचा, क्रोम चढवायचं. ही सगळी खरी कामं आहेत, खऱ्या हातांनी केलेली. ब्रिटनमधल्या बीबीसीच्या 'रिपेअर शॉप'मध्ये २०१७ पासून घड्याळं, खेळणी, चामड्याच्या वस्तू दुरुस्त करणारी माणसंही आपापल्या धंद्यातली मुरलेली आहेत. तेव्हा "सगळं नाटक असतं" असं कोणी म्हणालं तर मी मान्य करणार नाही. हात खरे असतात. कापला जातो तो वेळ.

अमेरिकेत अर्ध्या तासाच्या कार्यक्रमातून जाहिराती वजा केल्या की बावीसेक मिनिटं उरतात. त्यात दोन-तीन वस्तू, गिऱ्हाइकाची गोष्ट, दुकानातली थट्टामस्करी आणि शेवटी कापड दूर सारल्यावर गिऱ्हाइकाचे भरलेले डोळे. एका वस्तूच्या प्रत्यक्ष कामाला पाच-सात मिनिटं आली तरी खूप. सुकण्याची वाट पाहणं, एखादा भाग तीनदा बनवून तीनदा फेकणं, पार्सल यायला लागलेले तीन आठवडे, हे त्यात बसत नाही. एक माणूस काम करताना दिसतो, त्याच्यामागचे चार जण दिसत नाहीत. माझ्या मुलाला जे "दोन दिवस" वाटले, ते कोणी खोटं सांगितलेले नव्हते. मधले दिवस दाखवलेच नाहीत, म्हणून त्याच्या मनाने तेवढेच धरले.

आता आमच्या तानपुऱ्याचे पाच महिने कुठे गेले ते सांगते.

लाकूड आणि भोपळा दोन्ही पाणी पितात. ओलं लाकूड फुगतं, वाळताना आकसतं, आणि ते रेषांच्या आडव्या अंगाने जास्त आकसतं. उन्हात ठेवलं तर वरचा पापुद्रा आधी वाळतो, आतला गाभा ओलाच राहतो. वरचा आकसू पाहतो, आतला आकसू देत नाही, आणि तबली तडकते. म्हणून सावली, म्हणून दिवाळी. या काळात चाचा फक्त पंधरा दिवसांनी एकदा तानपुरा फिरवून ठेवायचे आणि भोपळ्यावर टकटक करून आवाज ऐकायचे. ओल्या भोपळ्याचा आवाज बद्द येतो, वाळलेल्याचा टणक. कॅमेरा लावला असता तर त्यात काय दिसलं असतं? एक म्हातारा माणूस भोपळा वाजवतोय, बस.

दुसरी गोष्ट सरसाची. आत्याचा तानपुरा जुना, जनावराच्या कातड्यापासून केलेल्या सरसाने जोडलेला. सरस ओलीने आणि उष्णतेने सुटतो. मला वाटलं, हा त्या जुन्या कामाचा कच्चेपणा. चाचा म्हणाले, "उलट! सांधा सुटला म्हणून लाकूड वाचलं. सांधा लाकडापेक्षा घट्ट असता तर तबलीच फाटली असती." जुन्या कारागिरांनी सांधा मुद्दाम असा ठेवला, की पुढे कधीतरी कोणीतरी तो न तोडता उघडू शकेल. पन्नास वर्षांनी येणाऱ्या अनोळखी कारागिराची सोय त्यांनी करून ठेवली होती. मला कारागिरीची खरी खूण ती वाटते, आणि ती कोणत्याही पडद्यावर चमकत नाही.

तिसरी गोष्ट जवारीची, आणि हिच्यावर थोडं रेंगाळायला हवं. तानपुऱ्याच्या तारा ज्या घोडीवर टेकतात तिची पाठ रुंद असते, वरून सपाट दिसली तरी अगदी किंचित गोलाईची. छेडलेली तार त्या पाठीवर हलकेच घासत कंपते, आणि त्या घासण्यातून तो भरलेला झंकार येतो. पाश्चात्त्य वाद्यांवरून बांधलेला एक नियम असा, की तार ज्या ठिकाणी छेडाल त्यावरून तिच्यातले काही उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत निघणारे वरचे स्वर, उमटणारच नाहीत. चंद्रशेखर वेंकट रमण यांनी १९२१ च्या सुमारास तानपुरा आणि वीणा तपासून दाखवलं की आपल्या या वाद्यांत ते उपस्वरही ऐकू येतात, आणि त्याचं कारण घोडीच्या घडणीत आहे. जवारी काढणं म्हणजे ही गोलाई कानशीने आणि पॉलिश पेपरने जमवणं. वर्षानुवर्षांच्या वापराने तारेखाली चर पडतो, तो काढून पाठ पुन्हा सारखी करायची. केसाएवढं घासायचं, तार चढवायची, ऐकायचं, तार उतरवायची, पुन्हा घासायचं. जास्त घासलं तर मागे जाता येत नाही. चारही तारा झाल्या की प्रत्येकीखाली सुताचा धागा सरकवून, जिथे आवाज खुलतो तिथे तो थांबवायचा. चाचांनी हे काम दोन सकाळी केलं, कारण दुपारनंतर कान थकतो म्हणाले. संपल्यावर घोडी आधी होती तशीच दिसत होती. आवाज मात्र दुसऱ्याच वाद्याचा वाटावा असा!

टीव्ही डोळ्यांचं माध्यम आहे. त्यामुळे तिथे अशाच वस्तू निवडल्या जातात ज्यांचा "आधी" आणि "नंतर" दुरून दिसतो. गंज आणि चकाकी, पोचा आणि सपाट पत्रा, विझलेली आणि पेटलेली निऑन पाटी. आपल्याकडची कल्हई तिथे शोभली असती. तापलेलं भांडं, नवसागराचा पांढरा धूर, कथलाची कांडी फिरवली की सरसर पसरणारी चांदी, सगळं पाच मिनिटांत आणि सगळं खरं. पण बहुतेक कामं कल्हईसारखी नसतात.

हे कार्यक्रम करणाऱ्यांनाही ही ओढाताण कळते. जुन्या गाड्या घेऊन, दुरुस्त करून विकणारा 'व्हीलर डीलर्स' हा ब्रिटिश कार्यक्रम २००३ मध्ये सुरू झाला. त्यातला मेकॅनिक एड चायना नट कसा सोडवायचा, भाग कसा बसवायचा हे शांतपणे दाखवायचा. २०१७ मध्ये त्याने कार्यक्रम सोडला. वर्कशॉपमधली सविस्तर दृश्यं करायला फार अवघड जातात, म्हणून ती कमी करायचं नव्या निर्मात्यांनी ठरवलं, असं कारण त्याने स्वतः जाहीरपणे सांगितलं. ज्या भागासाठी लोक कार्यक्रम बघत होते, तोच भाग करायला सगळ्यात महाग होता.

आता पैशांचं

कारागिरीबाबत टीव्ही अर्धवट सांगतो, पण किमतीबाबत तो आपली खरोखर दिशाभूल करतो. मुद्दाम करतो असं नाही, त्याचा हिशेबच वेगळा असतो.

'रिपेअर शॉप'मध्ये वस्तू आणणाऱ्याला दुरुस्तीचे पैसे द्यावे लागत नाहीत. कारागिरांना मोबदला कार्यक्रमाकडून मिळतो. 'व्हीलर डीलर्स'मध्ये शेवटी हिशेब मांडायचे, गाडी एवढ्याला घेतली, सुट्या भागांचे एवढे, विकली एवढ्याला, नफा एवढा. त्यात मेकॅनिकच्या मजुरीचा आकडा नसायचा. कित्येक तासांचं काम हिशेबातून गायब. ती मजुरी धरली असती तर तो नफा बऱ्याच वेळा तोट्यात गेला असता. अमेरिकन कार्यक्रमांत गिऱ्हाईक आणि दुकानदार कॅमेऱ्यासमोर भाव करतात खरे, पण त्या दुकानाला टीव्हीमुळे मिळणारं नाव, पर्यटक, विकले जाणारे टी-शर्ट हे सगळं त्या भावाच्या मागे उभं असतं. आपल्या गल्लीतल्या कारागिराच्या मागे त्याचे दोन हातच असतात.

मग त्याचा भाव कसा ठरतो? चौदा हजारांचा हिशेब मी माझ्या समजुतीसाठी असा मांडला. आकडे ढोबळ आहेत, रीत महत्त्वाची. समजा कारागिराला घर चालवायला महिना तीस हजार हवेत. दुकानाचं भाडं, वीज, हाताखालचा पोरगा, हत्यारं यांचे बारा हजार. झाले बेचाळीस. महिन्याचे पंचवीस दिवस, रोज आठ तास, म्हणजे दोनशे तास. पण दोनशेच्या दोनशे तासांचे पैसे कोणी देत नाही. गिऱ्हाइकाशी बोलणं, नुसता अंदाज घेऊन परत जाणारे लोक, सामान आणायला जाणं, हत्यारांना धार लावणं, लाइट गेलेली दुपार. हातात उरतात एकशेवीस तास. बेचाळीस हजार भागिले एकशेवीस, म्हणजे तासाला साडेतीनशे. आमच्या तानपुऱ्यावर हात चालले असतील चाळीसेक तास. चाळीस गुणिले साडेतीनशे, चौदा हजार. यात सामान धरलेलं नाही, आणि काम करताना काही फुटलं तर त्याची जोखीमही नाही.

हे कागदावर मांडल्यावर मला चौदा हजार जास्त वाटेनात. कमी वाटायला लागले. सांगलीत एखादा वकील किंवा डॉक्टर तासाचे किती घेतो याची आपण घासाघीस करत नाही. तानपुऱ्याच्या कारागिराशी करतो.

किंमत आणि मोल या दोन गोष्टी टीव्हीवर फार सरमिसळ होतात. दुरुस्तीला वीस हजार घातले म्हणून वस्तू वीस हजारांनी महाग होते, असं नसतं. आत्याचा तानपुरा उद्या विकायला काढला तर दुरुस्तीचे पैसेही वसूल होतील याची खात्री नाही. पॉन स्टार्समध्ये एक गोष्ट मात्र मला प्रामाणिक वाटते. जाणकार सांगतो, या वस्तूचे बाजारात हजार डॉलर येतील, आणि दुकानदार देऊ करतो पाचशे. बघणाऱ्याला तो लुबाडतोय असं वाटतं. पण वस्तू विकली जाईपर्यंत त्याने पैसे अडकवायचे, जागा द्यायची, न विकली तर तोटा सोसायचा. घेणाऱ्याची किंमत, विकणाऱ्याची किंमत, विम्यासाठी लावलेली किंमत या तिन्ही वेगळ्या असतात. कार्यक्रमात "याची किंमत इतकी" असं एकच वाक्य ऐकून आपण माळ्यावरच्या पितळी समईकडे बघायला लागतो.

नवं दिसणं आणि दुरुस्त होणं

इथे माझी एक जखम आहे. पुरात आमचं आजीचं सागवानी कपाटही भिजलं होतं. तेव्हा घाई झाली आणि एका सुतारकाम करणाऱ्याला ते दिलं. त्याने आठ दिवसांत मशीनने घासून, मेलामाइन मारून, काचेसारखं चकचकीत करून आणून दिलं. सगळ्यांनी वाहवा केली, मीही केली. पुढच्या पावसाळ्यात दाराच्या कडेला पोपडे धरले. आतली ओल बाहेर पडायला वाटच नव्हती. जुनं पॉलिश लाखेचं होतं. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख कापसाच्या बोंडाने पातळ थरांत चढवत जायची, थरावर थर. ओल लागली की ते पांढुरकं पडतं, पण स्पिरिटचा हात फिरवला की पुष्कळदा परत उघडतं, कारण लाख लाखेत मिसळते. मेलामाइन एकदा घट्ट झालं की परत विरघळत नाही, तासूनच काढावं लागतं. त्या घासण्यात आजीच्या हाताने गुळगुळीत झालेली कड गेली, ती गेलीच.

जुन्या वस्तूंचे जाणकार म्हणूनच मूळ पृष्ठभागाला जपतात. जुनं नाणं घासून लखलखीत केलं तर संग्राहक त्याचा भाव पाडतात. लाकडाचंही तसंच. टीव्हीवर मात्र सगळ्याला नवा रंग. रिक डेलच्या कामावर अमेरिकेतही हा आक्षेप घेतला गेला, आणि दुसरी बाजूही आहे. पेट्रोल पंपाच्या गंजलेल्या खोक्यात जपण्यासारखं काही उरलंच नसेल तर नवा रंग देण्यात गैर काय? वस्तू वापरायची आहे, बघायची आहे की जपायची आहे, यावर ते ठरतं. तानपुरा वाजवायचा होता, म्हणून त्याची घोडी घासणं बरोबर. संग्रहालयात ठेवायचा असता तर कदाचित चूक ठरलं असतं. आणि घोडी बदलायची वेळ आली असती तर आणखी एक गोष्ट आडवी आली असती. जुन्या वाद्यांत हस्तिदंत किंवा सांबराचं शिंग वापरलेलं असतं, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आता त्याचा व्यापार करता येत नाही. उंटाच्या हाडावर किंवा काळ्या शिसवी लाकडावर भागवावं लागतं.

स्कूटरच्या बाबतीत फसवणूक ओळखणं त्यामानाने सोपं आहे. माझ्या दिराने जुनी चेतक रंगवायला काढली तेव्हा गॅरेजवाल्याने आधीच विचारलं, "पत्रा कापून वेल्डिंग करू, का लांबी भरून देऊ?" लांबी म्हणजे पुट्टी. सडलेल्या पत्र्याचा तुकडा कापून नवा जोडायचा तर चार दिवस. भोकावर लांबी थापून, घासून, वर रंग मारायचा तर एक दिवस, आणि दोन्ही कामं फोटोत सारखीच दिसतात. साताऱ्याकडच्या एका पावसाळ्यात लांबीखालचा गंज रंगाला फोड आणतो. साधं लोहचुंबक फिरवून बघायचं. जिथे लांबी जाड असते तिथे ते चिकटत नाही. इतकं सरळ विचारणारा गॅरेजवाला मिळाला, हे दिराचं नशीब.

मोबाइलवर फिरणाऱ्या दुरुस्तीच्या व्हिडिओंबद्दल मात्र सावध राहायला सांगेन, कारण त्यांतल्या काहींत वस्तूच नवी असते. मीठ, व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मारलं की लोखंडाला काही तासांत गंज धरतो. वर चिखल फासायचा आणि शेतात "सापडलेला" कोयता म्हणून दाखवायचा. असा ताजा गंज नारिंगी, भुकटीसारखा, सगळीकडे सारखा असतो. वर्षानुवर्षांचा गंज काळपट तपकिरी असतो, थराथरांनी सुटतो आणि खाली लोखंडाला खड्डे पाडून ठेवतो. गंज पुसल्यावर खालून गुळगुळीत पातं निघालं तर समजावं की ते सडलेलंच नव्हतं. टीव्हीवरच्या कार्यक्रमात निदान वस्तू खरी असते.

कारागिराला काय विचारावं

दुकानात गेल्यावर "किती घ्याल?" या प्रश्नाने मी आता सुरुवात करत नाही. "यातलं काय बदलणार आणि काय तसंच ठेवणार?" हे विचारते. मग "हे काम पुढे कोणाला उघडता येईल ना?" उत्तर देताना जो माणूस वस्तू हातात घेतो, तिच्याकडे बघत बोलतो, त्याच्याकडे द्यायला हरकत नाही. उघडून पाहिल्याशिवाय पक्का आकडा सांगत नाही, तो टाळतोय असं समजू नये. आत काय आहे ते त्यालाही दिसत नसतं. काढलेले जुने भाग परत मागावेत. आणि घाई असेल तर तसं सांगून टाकावं, म्हणजे तो घाईचं काम करेल की नाही हे आधीच कळतं.

मिरजेचा हा धंदा मुळात दुरुस्तीतूनच उभा राहिला असं तिथे सांगतात. हत्यारं पाजळणारे शिकलगार संस्थानातल्या गवयांची वाद्यं सुधारून देऊ लागले, आणि सुधारता सुधारता एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात स्वतःच बनवू लागले. त्यातल्या फरीदसाहेबांचं नाव आजही गल्लीत आदराने घेतात. अब्दुल करीम खाँसाहेब इथे राहिले, त्यांच्यासारख्यांच्या कानाला पटेल अशी जवारी काढावी लागायची. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. नव्या वाद्यांना त्याचा उपयोग होईल. दुरुस्तीच्या भावावर त्याने काय फरक पडला हे विचारलं, तर चाचा म्हणाले, "गिऱ्हाईक अजून नव्या वाद्याचा भाव विचारून येतं आणि दुरुस्ती त्याच्या पाव भागात मागतं."

आमचा तानपुरा २०२० च्या फेब्रुवारीत घरी आला. आत्याने लावला, डोळे मिटून थोडा वेळ ऐकला आणि काही बोलली नाही. महिन्याभरात खर्जाची तार बोथट बोलायला लागली. मला वाटलं, काम बिघडलं. मुलाला घेऊन पुन्हा मिरजेला गेले. चाचांनी घोडीवर नखाने एक जागा दाखवली. नव्या तारा ताणाला बसतात, तबली थोडी दबते, घोडी बसकण मारते, मग एकदा परत जवारी घ्यावीच लागते, हे त्यांनी सांगितलं. अर्धा तास घासलं, ऐकलं, घासलं, धागा सरकवला. मुलगा यावेळी मोबाइल खिशात ठेवून बघत होता. मी पर्स उघडली तर त्यांनी हात हलवला.

"ते चौदा हजारांतच धरलं होतं."